पाण्यामागून बाहेर

१

वेनफर्डमध्ये नदी घरात शिरते तेव्हा कोणी आरडाओरडा करत नाही. ती सांगून येते. वेल्सच्या डोंगरांवर बर्फ वितळलं की तिसऱ्या दिवशी सेव्हर्न आमच्या मागच्या अंगणात हजर. तेवढ्या वेळात सतरंज्या गुंडाळून वर न्यायच्या, कोळशाची पोती वर चढवायची, टेबल विटांवर ठेवायचं, आणि पुढचं-मागचं अशी दोन्ही दारं सताड उघडी टाकायची. दार लावून बसलात तर पाणी दाराला खांदा लावतं आणि चौकटीसकट घेऊन जातं. बाहेरगावाहून आलेली शहाणी माणसं इथेच फसतात.

पाणी किती आलं ते आम्ही पायऱ्यांवर मोजतो. खाटकाच्या दुकानात, चॅपलच्या दारात, सगळीकडे तोच प्रश्न, "तुमच्याकडे किती पायऱ्या?" आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या. त्या वर्षी तीन बुडाल्या होत्या, म्हणजे काही फार नाही.

आणि झाडायचं ते पाणी उतरत असतानाच. खराटा घेऊन पाण्यात उभं राहायचं, गाळ ढवळत ठेवायचा, म्हणजे पाणी आपली घाण आपणच घेऊन जातं. एकदा गाळ बसला की उन्हाळा संपेपर्यंत खरवडत बसा. शेवटचं पाणी मागच्या दाराने काढायचं, कारण नदी त्या बाजूला. ज्याच्या हातात खराटा, त्याने त्या पाण्यामागून स्वतःही बाहेर जायचं, दार बाहेरून ओढून घ्यायचं आणि बोळाने वळसा घालून पुढच्या दाराने घरात यायचं. का, ते मला विचारू नका. नवे बूट टेबलावर ठेवू नयेत म्हणतात ना, तसंच हे. कोणी कारण सांगत नाही आणि कोणी मोडतही नाही.

मी मोडलं. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आज चौऱ्याऐंशीची आहे, त्याच घरात राहते, आणि मला कोणी म्हातारीची बडबड म्हणून गप्प करू नये. जे झालं ते सांगते.

२

बाबा लढाईवरून परत आले नव्हते. आई गालिच्यांच्या कारखान्यात मागावर होती. अंधारात जायची, अंधारात यायची. धाकटी बहीण एनिड आठ वर्षांची, आणि त्या फेब्रुवारीत ती वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. सांध्यांचा ताप तिच्या हृदयात उतरला होता. डॉक्टर जिन्याच्या तोंडाशी आईला हळू आवाजात म्हणाले, पण माझे कान तिखट, "सहा आठवडे पाऊल खाली टेकवायचं नाही. जिन्याचं तर नावच नको. दचकलीसुद्धा नाही पाहिजे, बाई. एवढं सांभाळलंत तर मूल हाती लागेल." म्हणून गल्लीतली निम्मी माणसं चॅपलच्या माडीवर गेली तरी आम्ही घर सोडलं नाही.

गुरुवारी पाणी उतरायला लागलं. आई आणि मी गुडघाभर पाण्यात खराटे घेऊन उभ्या. "ढवळ, मेव्हिस, ढवळ. हात आखडू नकोस," आईचं चाललं होतं. पाणी घोट्याशी आलं तेव्हा शेजारच्या ग्विलियमबाईंनी भिंतीवर ठोकलं. सत्तरीची बाई, एकटी, तिचं कपाट पाण्यात आडवं झालेलं.

"मी तेवढं उचलून येते," आई म्हणाली. "शेवटचं पाणी तू काढ. आणि मागून बाहेर जा. ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. पण मला पाय आहेत की नाहीत तेच कळेना, इतके ते गारठले होते. उंबऱ्याशी बशीभर पाणी उरलं. बाहेर अंगणात अजून नदी होती, तपकिरी आणि बर्फासारखी गार. तिच्यात पुन्हा कोण उतरणार? मी दार आतून लावलं, खिटी घातली आणि चुलीवर किटली चढवली. बशीभर पाण्याने काय होतंय, आपोआप वाळेल.

"वळसा घालून आलीस ना?" आईने येताच विचारलं.

"हो."

खोटं बोलण्यात माझा हात धरणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं. आईलाही ते ठाऊक होतं, पण ती दमली होती.

३

शुक्रवारी घर वाळलं. जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या पांढुरक्या पडल्या, गाळाची पूड झाली. शनिवारी सकाळी एनिडची पेज घेऊन वर जाताना माझा पाय चौथ्या पायरीवर सटकला. पायरी ओली होती.

चौथीपर्यंत पाणी आलंच नव्हतं. भिंतीवर पुराची रेघ होती, ती तिसरीच्या वर बोटभर. मी वाटी धरून उभी राहिले आणि विचार केला. आईने बादली टेकवली असेल. छत गळत असेल, पण मग वरच्या पायऱ्या कोरड्या कशा? ओल सगळीकडे सारखी नव्हती. मध्ये गडद, कडेला फिकट, जिन्याच्या डाव्या अंगाला. ओल्या फ्रॉकने कोणी बसून उठावं तशी. मी फडकं आणून पुसली. फडक्याला नदीचा वास आला. मग काय झालं, सगळ्या घरालाच येत होता.

रविवारी चौथी वाळली आणि पाचवी ओली झाली.

सोमवारी सहावी. आता मी पुसत नव्हते, नुसती बघत होते. लाकूड ओल वर ओढतं, मी स्वतःला सांगितलं, वात तेल ओढते तसं. शाळेत मास्तरांनीच शिकवलं होतं. पण वात खालून वरपर्यंत सगळीच भिजते. खालची वाळत आणि वरची भिजत जाते, अशी वात मी आजवर पाहिलेली नाही.

४

मंगळवारी चार वाजता शाळेतून आले, कोट काढला आणि धडधडत वर गेले. सातवी पायरी ओलांडून. हो, ओलांडून. एनिड उशीला टेकून बसली होती, गाल मेणासारखे.

"मेव्ह, तू इतका वेळ जिन्यात का बसतेस?" ती म्हणाली. "वर ये ना. मला कंटाळा येतो."

"मी आत्ता आले."

"झालं तुझं सुरू. दुपारपासून गुणगुणतेयस. मी हाक मारली तर 'अं' केलंस."

"स्वप्न पडलं असेल."

"मी जागीच होते. आणि तुला सर्दी झालीय. श्वास घेताना पाणी वाजतं."

मी हसले. हसण्याशिवाय काय करणार, तिला दचकवायचं नव्हतं ना. म्हटलं, "बरं बाई, मीच होते. गंमत केली." आणि तिथे मी दुसरी चूक केली. आता जिन्यातला आवाज एनिडच्या लेखी माझाच झाला.

बुधवारी संध्याकाळी ग्विलियमबाई मटणाच्या रश्शाची बरणी घेऊन आल्या. आई नुकतीच कारखान्यातून आली होती. ग्विलियमबाई बरणी वर द्यायला म्हणून जिन्याशी गेल्या, कठड्यावर हात ठेवला आणि तिथेच थांबल्या. वर आठव्या पायरीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"तुमच्याकडे मागचं दार कोणी लावलं, लिली?" त्यांनी आईला विचारलं.

"मेव्हिसने. बाहेरून."

"हो ना गं पोरी?"

"हो," मी म्हणाले. खाई त्याला खवखवे. माझे कान तापले होते. ग्विलियमबाईंनी बरणी पहिल्या पायरीवर ठेवली, शाल घट्ट ओढली आणि घरी गेल्या. त्यानंतर एनिड बरी होईपर्यंत त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

आई खाली रस्सा गरम करत होती. मी वर गेले तर एनिडने तेच विचारलं. कान तिचेही तिखट. "मागचं दार कोणी लावलं गं?"

"आईने," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. खोटं सवयीने तोंडातून निघतं.

एनिडला खोकल्याची उबळ आली. ती खोकत असताना जिन्यातून कोणीतरी तोच शब्द म्हणून बघितला. "आईने." हळू, चव घेतल्यासारखा. आवाज माझा होता.

५

गुरुवारी नववी. शुक्रवारी दहावी. शनिवारी अकरावी, आणि शनिवारी एनिडचे ओठ निळसर दिसायला लागले. डॉक्टर येऊन गेले. आई रात्रभर तिच्या उशाशी बसली आणि सकाळी तिचे स्वतःचे डोळे खोल गेले होते. म्हणाली, "मी चॅपलमध्ये जाऊन येते. तासभर. आज मला गेलंच पाहिजे. तू हिच्यापाशी बस आणि हलू नकोस."

रविवारची सकाळ. बाहेर कडक हिमदंव, ऊन पडलेलं, घंटा वाजत होत्या. आई गेली. मी जिन्यात आले. बारावी पायरी ओली होती.

बारावीनंतर तेरावी, तेरावीनंतर एनिडचं दार. हिशेब सोपा होता. आईला सांगितलं तर ती मला काय करेल याची भीती मला आठ दिवस वाटत होती, आणि आता एकदम ती भीती कुठल्या कुठे गेली. मला राग आला. सगळ्या अंगातून राग आला. लढाईत आमच्या बाबांना समुद्राने नेलं होतं. आता ही नदी, बशीभर पाण्याच्या जोरावर, माझ्या बहिणीच्या पलंगापर्यंत येणार?

"थांब तू," मी त्या पायरीला म्हणाले. "तुला दाखवते."

६

गाळ कोरड्या खराट्याने निघत नाही. तो पाण्यानेच काढावा लागतो. एवढं तर मला पाचव्या वर्षापासून येत होतं.

मी दोन्ही दारं उघडली. बादली घेतली, अंगणाच्या टोकाला जाऊन नदीतून भरली आणि जिना चढले. बाराव्या पायरीच्या उजव्या अंगाने, भिंतीला पाठ घासत. तिथे थंडावा होता, तळघराचं दार उघडल्यावर येतो तसा. काही दिसलं नाही. पण माझ्या बाहीला डाव्या बाजूने ओल लागली. वर बादली ठेवली आणि पुन्हा खाली गेले. चार बादल्या वाहिल्या. म्हणजे खराटा आणायला उतरले ते धरून तिच्या अंगावरून आठ वेळा गेले, आणि नवव्यांदा खराटा घेऊन. आज जिना चढायचं म्हटलं तरी मला धाप लागते, पण ते मोजमाप मी विसरलेली नाही.

"मेव्ह? काय ओततेयस?" एनिड आतून म्हणाली.

"जिना धुतेय. झोप तू."

पहिली बादली तेराव्या पायरीवर ओतली आणि झाडायला लागले. बाराव्या पायरीवर खराटा जड झाला. ओल्या गोधडीत रुतावा तसा. मी दोन्ही हातांनी रेटला. "चल," मी म्हणाले. "ऊठ. तुझं पाणी केव्हाच गेलं, तूही नीघ. हे घर आमचं आहे आणि ती पोरगी आमची आहे. तुला इथे कोणी बोलावलं नव्हतं." खराटा हलला. अकरावी, दहावी. दर बादलीमागे तीन-चार पायऱ्या. एकदा ती थबकली तेव्हा मी अशी एक शिवी दिली की चॅपलमध्ये बसलेल्या आईला उचकी लागली असेल.

स्वयंपाकघरात फरशीवर पाण्याचा पातळ थर पसरला, त्यावर दाराचं ऊन पडलं. त्या पाण्यात मी खाली बघितलं. तेवढंच बघितलं, आणि वर बघायचं धाडस मला झालं नाही, हे कबूल करते. माझ्या खराट्याच्या पुढे दोन पायांचं प्रतिबिंब चाललं होतं. राखाडी मोजे, एक घसरून घोट्यावर गोळा झालेला. टाचा माझ्याकडे. माझ्या मोज्याला जिथे आईने निळ्या लोकरीने रफू केलं होतं तिथे निळं रफू.

ते उंबरा ओलांडून गेले. मी पाण्यामागून बाहेर गेले, दार माझ्यामागे ओढून घेतलं आणि डोळे खाली ठेवून बोळाकडे पळाले.

७

पुढचं दार वाऱ्याने आपटून लागलं होतं. त्याला बाहेरून मूठ नाही, चावी आईकडे. हिरवा रंग, फुगे धरून सुटलेला. अजून डोळ्यांपुढे आहे. मी ठोठावलं.

आणि तेव्हाच घराच्या पलीकडच्या अंगाला कोणीतरी मागचं दार ठोठावलं.

"एनिड," मी हाक मारली, मग जीभ चावली. तिने उठायचं नव्हतं. पण आतून जिन्यावर अनवाणी पावलं ऐकू यायला लागली. एक पायरी, थांबली. दुसरी, थांबली. भिजलेला जिना, कागदासारखं हृदय आणि तेरा पायऱ्या. मी ओरडले, "उतरू नकोस, मागे फीर." मागच्या दाराशी माझाच आवाज तेच ओरडला, एका श्वासाने मागे.

ती उतरली. दोन दारांच्या मधोमध उभी राहिली असणार, कारण तिचा आवाज धड इकडे नव्हता, धड तिकडे नव्हता.

"कोण आहे?"

"मी मेव्हिस," मी म्हणाले.

"मी मेव्हिस," मागून आलं.

मग एनिडने विचारलं, धाप लागलेली, पण शहाण्या बाईसारखं ठाम, "त्या दिवशी मागचं दार कोणी लावलं?"

मी कपाळ दाराला टेकलं. "मी," म्हणाले. "मी आतून लावलं. थंडी वाजत होती म्हणून. आईने नाही. मी खोटं बोलले, एनिड. मीच." आयुष्यात एवढं खरं मी तोवर कधी बोलले नव्हते. रडत होते. मागून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

दार उघडलं. मग मला आठवतं ते चुलीपाशी बसलेलं, एनिड माझ्या मांडीवर, गोधडीत गुंडाळलेली, आणि तिची नाडी माझ्या बोटांखाली फडफडणारी. आई आली तेव्हा जिना वाळत होता. तेराही पायऱ्या एकसारख्या.

८

एनिड वाचली. आता एक्क्याऐंशीची आहे, ब्रिस्टलला लेकीपाशी असते, आणि दर रविवारी फोन करून माझं डोकं खाते. त्या सकाळबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मी विषय काढला नाही, तिनेही नाही. या नाताळात मात्र ती एक पेला जास्त प्याली होती.

"मेव्ह, तुला आठवतं?" ती म्हणाली. "दोन दारं आणि दोन तू."

"विसरेन कशी."

"मी किती घाबरले होते. पण डोकं ठिकाणावर होतं हं माझं. पुढच्या दाराशी जी होती ती म्हणत होती, मी लावलं, मी खोटं बोलले, आणि भोकाड पसरून रडत होती. तू आणि कबुली? जन्मात नाही. मागची म्हणाली, आईने. अगदी तुझ्यासारखं, पापणी न हलवता. तेव्हाच ओळखलं मी तुला." ती हसली. "म्हणून मागचं दार उघडलं."

खिडकीबाहेर नदी नेहमीसारखी चालली होती.

मी पुढच्या दाराशी होते. तो हिरवा रंग मी बघितलाय. ती कबुली माझ्या तोंडातून निघालीय, अजून तिची चव जिभेवर आहे. आणि तरी बघा, आजही मी मागच्याच दाराने जाते-येते, सोयीचं पडतं म्हणून, आणि पुढच्या दारापुढे कपाट ठेवलंय ते कधी ठेवलं ते मला सांगता येणार नाही.

बरं, मग? एनिडची बेडपॅन सहा आठवडे कोणी उचलली? आईला शेवटची तीन वर्षं हाताने कोणी भरवलं? सात पूर या घराबाहेर झाडून कोणी काढले, आणि दर वेळी पाण्यामागून बाहेर कोण गेलं? मी. ज्या कोणाला म्हणायचं असेल की ती मेव्हिस मी नव्हे, त्याने समोर येऊन म्हणावं. आणि त्या हिरव्या दाराशी जर एखादी रडत उभी राहिलीच असेल, तर दार ठोठावायला तिला त्र्याहत्तर वर्षं होती.

"मेव्ह? आहेस ना?" एनिड फोनवर म्हणाली. तिच्या श्वासात थोडी घरघर होती. हृदय आता पुन्हा कुरकुरतं तिचं. दचकवायचं नाही, तिच्या लेकीने मला बजावलंय. "बरोबर ओळखलं ना मी तुला?"

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "मागच्या दाराशी मीच होते."